पाठीमागचा उजेड

"मॅडम, आप जरा पीछे बैठ जाइए ना," असं लोकेश म्हणाला तेव्हा सत्यभामा खुर्चीत बसण्यासाठी अर्धवट वाकली होती, आणि ते अर्धवट वाकणं पुढे दिवसभर तिच्या कमरेत राहिलं. शाळेचं वार्षिक संमेलन होतं. मैदानात मांडव, मांडवाखाली लाल गालिचा, गालिच्यावर पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्यांची पहिली रांग, आणि त्या रांगेच्या टोकाच्या खुर्चीला मागून चिकटवलेला कागद: उपप्राचार्य. लोकेश शाळेत संगणक शिकवायचा. यंदा बसण्याची सगळी व्यवस्था त्याच्याकडे होती आणि प्रमुख पाहुण्यांबरोबर ठरल्यापेक्षा जास्त माणसं आल्यामुळे डिसेंबरातही त्याच्या कपाळावर घाम होता. "तीसरी लाइन में एकदम बीच की सीट है, मॅडम. वहाँ से और अच्छा दिखेगा," तो म्हणाला. त्याच रांगेत शाळेचे आणखी तिघे बसलेले होते. त्यांना तो काही म्हणाला नव्हता. सत्यभामा खुर्चीचा हात धरून तशीच थांबली. ती वाट पाहत होती. आता रागाची ती आग येणार, हे तिला माहीत होतं. बेंबीच्या खाली कुठंतरी ठिणगी पडायची, मग छातीतून वर चढत जायची, मग कानांच्या मागे तवा तापल्यासारखं व्हायचं, जबडा आवळायचा, आणि मग शब्द. ते शब्द ऐकून मध्य प्रदेशातल्या या बालाघाटातले दोन शिक्षणाधिकारी, एक बँकेचा मॅनेजर आणि नात्यातली निम्मी माणसं गप्प झाली होती. ती वाट पाहत राहिली. ठिणगी पडली. बेंबीपाशी ऊब आली, थोडी वर सरकली, एखादं कुत्रं बसायला जागा शोधत स्वतःभोवती फिरतं तशी तिथंच फिरली, आणि निघून गेली. सत्यभामाला ती जाताना स्पष्ट कळली. मग ती सरळ झाली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "लोकेशजी, ये कुर्सी मेरी है. मैं यहीं बैठूँगी. ऑफिस से दो-चार कुर्सियाँ और मँगवा लीजिए, यहाँ बाजू में जगह है." लोकेशनं जागेकडे पाहिलं, जणू ती आत्ताच तिथं आली होती. "जी मॅडम, जी," म्हणत तो पळाला. खुर्च्या आल्या. पाहुण्यांची माणसं बसली. स्वागतगीत सुरू झालं.

आणि तेव्हा, सगळं नीट झाल्यावर, सत्यभामाला भीती वाटली. हात मांडीवर शांत पडलेले होते. एरवी अशा प्रसंगानंतर ते तासभर थरथरायचे, घरी जाऊन कुकरचं झाकण लावता यायचं नाही. आज बोटांतली अंगठीसुद्धा हलत नव्हती. पोरी नाचत होत्या, पालक मोबाइल उंच धरून उभे होते, शेजारी बसलेल्या पाहुण्याच्या अत्तराचा वास येत होता आणि ती आत हात घालून चाचपडत होती, घरात दिवे गेल्यावर माणूस काडीपेटी चाचपडतं तशी. कुठं गेली? लोकेशनं तिलाच का उठवायला पाहिलं? ती टोकाला होती म्हणून, का तिचं मेश्राम हे आडनाव तिची जात सांगतं म्हणून? पूर्वी हा प्रश्न तिला पडलाच नसता. पूर्वी तिला ताबडतोब माहीत असायचं. आज तिला माहीत नव्हतं. दोन्ही खरं असू शकत होतं, आणि दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी खुर्ची तिचीच होती, एवढंच पक्कं होतं. या एवढ्याशा पक्केपणावर ती बसून होती आणि पाठ ताठ होती. तिला स्वतःचा अभिमान वाटला, अगदी भरून आल्यासारखा. पण त्या अभिमानाच्या बुडाशी एक चुळबुळ होती. ती आग तिनं स्वतःसाठी पेटवलेली नव्हती. ती तिनं बापासाठी पेटवली होती. बाप अजून जिवंत आहे, घरी अंगणात उन्हाला बसला आहे. मग ती विझवायचा अधिकार तिला कुणी दिला?

कार्यक्रम संपल्यावर तिनं स्कूटी शाळेतच ठेवली आणि पायी निघाली. काली पुतली चौकात उसाच्या रसाचं यंत्र घुंगरू वाजवत फिरत होतं, गोंदियाची बस वळण घेत होती, आणि मनानं ती उकव्याच्या शाळेच्या सभागृहात उभी होती. आठवीतली. मँगनीजच्या खाणीचं ते गाव, जंगलात वसलेलं. तिथं सगळ्याच गोष्टींवर काळसर भुकटी असायची, पेरूवरसुद्धा. महागू, तिचा बाप, खाणीत कामाला होता. कितीही घासून अंघोळ केली तरी त्याच्या हाताच्या रेषांमधून ती भुकटी जायची नाही, त्यामुळे त्याचा तळवा नकाशासारखा दिसायचा. त्या वर्षी ती गणितात जिल्ह्यात पहिली आली होती. बक्षिसाचा कार्यक्रम होता. समोर खुर्च्यांवर बाबू लोक, ठेकेदार, दुकानदार. सकाळीच तिनं बापाला बजावून सांगितलं होतं, पुढच्या रांगेत बसा, बाबा, तिथं जागा आहे. नाव पुकारलं तेव्हा ती मंचावर गेली आणि तिला दारात बाप दिसला. कामाच्या कपड्यात, डोक्यावरचा खाणीतला टोप काढून हातात घेतलेला. तिनं मंचावरून हातानं खूण केली: या, आत या. तो आला नाही. तिनं कप घेतला, टाळ्या झाल्या, तिनं पुन्हा पाहिलं तर दार रिकामं होतं. जाण्याआधी त्यानं मान खाली घातली होती. त्याच्या तोंडावर लाज होती. एवढ्या साहेब लोकांत आपण कसं जायचं, ही लाज. चौदा वर्षांच्या सत्यभामानं तो कप घरी आणून चुलीशेजारच्या फळीवर ठेवला, बापाला काही विचारलं नाही, आणि ठरवून टाकलं की आपण जन्मात कधी दाराशी उभं राहायचं नाही.

त्या ठरवण्यावर तिनं पुष्कळ काही शिजवून काढलं होतं, हे कुणाला नाकारता आलं नसतं. बीएस्सी, बीएड, त्यांच्या मोहल्ल्यातली पहिली व्याख्याता, आता उपप्राचार्य. तिच्यानंतर किती पोरींनी तिच्याकडे पाहून विज्ञान घेतलं. आग नसती तर ती उकव्यातच कुठंतरी राहिली असती, असं तिला वाटायचं आणि आजही वाटत होतं. पण आग फक्त चुलीत राहत नाही. विवेक, तिचा नवरा, किरनापूरचा, गरीब स्वभावाचा, किराणा दुकानवाल्यांच्या घरातला. त्याच्या चुलतबहिणीच्या लग्नात यांना दुसऱ्या पंगतीला बसा म्हणाले तर ही उठली, आणि पोरांत खेळत असलेल्या अंकितचा दंड धरून उपाशी बस-स्टँडवर आली. विवेक मागून चपला हातात घेऊन धावत आला होता. अंकित सहावीत असताना त्याला मागच्या बाकावर बसवतात म्हणून ती वर्गशिक्षकाशी भांडली आणि पोराला पहिल्या बाकावर बसवूनच परत आली. मागच्या बाकावर त्याचा एकुलता एक मित्र बसायचा, हे तिला दोन वर्षांनी विवेककडून कळलं. आता अंकित रायपूरला नोकरीला होता. फोन बापाला करायचा. तिनं फोन हातात घेतला की म्हणायचा, "सब ठीक है, मम्मी." आणि सब ठीक है या शब्दांच्या पलीकडे एक दार बंद व्हायचं, अगदी हलक्या हातानं.

ध्यानाला ती काही वर्षांपूर्वी झोप येत नाही म्हणून गेली, आणि खरं सांगायचं तर विवेकला खोटं पाडायला गेली. डॉक्टरनं रक्तदाबाची गोळी वाढवली होती. विवेक म्हणाला, नागपूरकडे विपश्यनेचं शिबिर असतं, दहा दिवस मौन असतं, तुला जमणार नाही. झालं. ती गेली. घरात बुद्धवंदना होती, पंचशील होतं, लहानपणापासून तोंडपाठ, पण डोळे मिटून बसणं हे तिला आजवर रिकामटेकड्यांचं काम वाटलं होतं. शिबिरातही ती पहिल्या रांगेतच बसली आणि सगळ्यांत कमी हलायची ठरवून बसली. पाय पेटले तरी हलली नाही. तिथं शिकवायला एक म्हाताऱ्या बाई होत्या, पांढरं पातळ, आवाज इतका हळू की पुढे झुकावं लागायचं. चौथ्या दिवशी प्रश्न विचारायची मुभा मिळाली तेव्हा सत्यभामा म्हणाली, "मला राग फार येतो. त्याला कारण आहे. माझ्या वडिलांना..." बाई म्हणाल्या, "कारण नंतर सांगा. आत्ता राग आहे का?" "आहे." "कुठं आहे?" सत्यभामाला तो अपमान वाटला. चाळीस वर्षं जपलेली गोष्ट सांगायला ती तोंड उघडते आहे आणि ही बाई पत्ता विचारते आहे. ती रागानं खोलीवर गेली, आडवी झाली, आणि केवळ त्या बाईला खोटं पाडण्यासाठी तिनं शोधायला सुरुवात केली की कुठं आहे. कानांच्या मागे होता. तिला आश्चर्य वाटलं. इतका मोठा, इतक्या जणांना घाबरवणारा राग, आणि त्याची जागा दोन बोटांची. शिवाय तो एकसारखा नव्हता. तो येत होता, जात होता, उन्हाळ्यात दुपारी डांबरावर हवा थरथरते तसा थरथरत होता. ती पाहत राहिली आणि पाहता पाहता तिला झोप लागली.

तेवढ्यानं काही झालं नाही. घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी गॅसवाल्याशी भांडण झालं. पण पहाटे मागच्या खोलीत आसन टाकून बसायचं तिनं सोडलं नाही, कारण धरलेलं सोडायचं नाही हाही तिचा स्वभावच होता. पहिलं वर्ष तर भांडण होऊन गेल्यावर, संध्याकाळी भात लावताना, तिला कळायचं: हां, आला होता. मग कधीतरी भांडण चालू असतानाच कळू लागलं. तोंडातून शब्द जात आहेत आणि आत कुणीतरी म्हणतं आहे, बघ, कान तापले. ते फार विचित्र वाटायचं, आपल्याच घरात कुणी पाहुणा येऊन बसल्यासारखं. मग एकदा, विवेकनं दुधाचं पातेलं उतू घालवलं तेव्हा, शब्द निघायच्या आधी कळलं. ती चमचा हातात घेऊन उभी राहिली. विवेक मान खांद्यात घालून वाट पाहत होता. काहीच न आल्यावर त्यानं हळूच वर पाहिलं आणि विचारलं, "तब्येत बरी आहे ना तुझी?" ती हसली, आणि नंतर न्हाणीघरात जाऊन रडली. या माणसानं किती वर्षं मान खांद्यात घातली होती, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. विहारात एकदा भंतेजी आले होते. ते म्हणाले, अविज्जा म्हणजे अज्ञान असं आपण म्हणतो आणि आपल्याला वाटतं, काही माहीत नसणं. तसं नाही. जे नाही ते पक्कं माहीत असणं, त्याला अविज्जा म्हणायचं. बाया माना डोलवत होत्या. सत्यभामानंही डोलवली. तिला वाटलं, हे लोकांबद्दल आहे.

मग गेल्या पावसाळ्यात ते झालं. पहाटेची वेळ, बाहेर पाणी पडून थांबलेलं. ती बसली होती आणि नेहमीसारखं उकव्याचं सभागृह आलं. ते यायचंच. शिबिरापासून ते शेकडो वेळा आलं होतं. आधी नुसता राग यायचा, मग रागाखाली रडू सापडलं, मग रडण्याखाली एक थंड, दगडासारखं काहीतरी, ज्याला नाव नव्हतं. त्या पहाटे काहीच आलं नाही, नुसतं चित्र आलं. मंच, कपाचा गारपणा, टाळ्या, दार, दारात बाप. ती पाहत राहिली, कारण घाई नव्हती. आणि तिला दिसलं की दुपार आहे. सभागृहाला एकच दार आहे आणि ते पश्चिमेला आहे. बापाच्या मागून ऊन येतं आहे. पाठीशी ऊन घेऊन उभा असलेला माणूस काळा दिसतो. टोप दिसतो, खांदे दिसतात, कडा दिसते. चेहरा दिसत नाही. तिनं पुन्हा पाहिलं, मन लावून, शाळेत मुलांना प्रयोग दोनदा करायला लावायची तसं. चेहरा नव्हताच. कधीच नव्हता. ज्या लाजेवर तिनं उभं आयुष्य उभारलं ती लाज तिनं पाहिलेली नव्हती. ती तिनं तिथं ठेवली होती. तिनं डोळे उघडले. शेजारच्या खोलीत बाप खोकत होता. उठून पाच पावलं गेलं की विचारता आलं असतं. ती गेली नाही. त्यालाही महिने उलटले. चहा दिला, औषधं दिली, ऐकायचं यंत्र आणून दिलं, पण विचारलं नाही. तो हो म्हणाला तर? होय पोरी, लाजच वाटली होती, म्हणाला तर? आणि नाही म्हणाला तर? तिला कळत नव्हतं की दोन्हीपैकी कशाची भीती जास्त आहे. आज मात्र, ती ऊब बेंबीपाशी फिरून निघून गेल्यावर, तिच्याकडे लपायला जागा उरली नव्हती.

महागू अंगणात खाटेवर बसून पोपटीच्या, वालाच्या जातीच्या, शेंगा सोलत होता. ऐंशी ओलांडलेला, हाडं मोठी, डोळे मिचमिचे. खाण सोडून इतकी वर्षं झाली, तरी तळहाताच्या रेषा काळ्याच. "झाला काय कार्यक्रम?" त्यानं विचारलं. "झाला," म्हणून ती चपला काढून खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि शेंगा पुढ्यात ओढल्या. थोडा वेळ दोघं सोलत राहिले. मग तिनं आवाज चढवून, कारण यंत्र त्याच्या खिशातच होतं, विचारलं, "बाबा, उकव्याच्या शाळेत मले बक्षीस भेटलं होतं, गणिताचं. तुम्ही आलते. आठवते का?"

"कप?" तो म्हणाला. "हौ. फळीवर होता. मंग त्यात तुही माय मीठ ठेवे."

"कप नाही. कार्यक्रम. तुम्ही दारात उभे होते."

महागूनं शेंग थांबवली. तो खरोखर शोधत होता, हे तिला दिसलं. त्याचे डोळे अंगणाच्या भिंतीवर इकडून तिकडे गेले. "मी आलतो?"

"आलते. कामाच्या कपड्यात. मी तुम्हाले हातानं बलावलं. तुम्ही आत नाही आले. तिथूनच निघून गेले."

"मंग कामाची पाली असन," तो म्हणाला. "दुपारची पाली असन बाप्पा. खाणीचा भोंगा झाला असन." मग तिच्याकडे वळून, काळजीनं, "काहून? काही झालतं का तवा?"

तिला हसू येईल का रडू, हे काही क्षण ठरेना. जिथं पर्वत आहे असं समजून ती आयुष्यभर वळसे घालत राहिली तिथं बापाच्या बाजूनं एक शेंगेचं टरफलही पडलेलं नव्हतं. "काही नाही झालं," ती म्हणाली. "मले वाटलं होतं, तुम्हाले लाज वाटली. साहेब लोक होते म्हणून."

"लाज?" महागूला शब्द नीट ऐकू आला नाही असं वाटून तिनं तो पुन्हा सांगितला. तो विचार करू लागला. "वाटलीही असन," तो म्हणाला. "आता काय सांगू. गरिबाले वाटते कधी कधी. नसनही वाटली." आणि पुन्हा शेंग उचलली. सत्यभामा त्या उत्तरावर बसून राहिली. असेलही, नसेलही. कुणालाच माहीत नाही, ज्याची लाज होती त्यालाही नाही, आणि आता कधीच कळणार नाही. शिबिरातल्या बाईंनी विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं की ते घशापाशी आहे आणि ते मोकळं होतं आहे. महागू मात्र कुठल्या तरी दुसऱ्याच रस्त्याला लागला होता. त्याचा चेहरा उजळला होता. "ऐट मात्र म्या एकडाव लय केली," तो म्हणाला. "उकव्याले आपला विहार बांधला ना, तवा. मूर्ती आणाले सगळ्यायनं मलेच धाडलं. गोंदियाहून आणली. राजेगाववरून बालाघाट, मंग उकव्याची बस. पांढरी मूर्ती, हे एवढी, चादरीत गुंडाळलेली. कंडक्टर म्हणे, सामान टप पे डालो. म्या म्हणलं, सामान नहीं है. तं म्हणे, फिर क्या है? म्या म्हणलं, सवारी है. टिकट काटो."

"मंग? काढलं त्यानं?"

"काढते नाही तं काय! पूरं तिकीट, आधं नाही. खिडकीपाशी बसवली मूर्ती, चादर काढली तोंडावरची. गाडी गच्च. मले जागा कुठं? म्या उभा, असा हात लावून. घाट कसा हाय तुले मालूमच हाय, हे वळण तं ते वळण. एक जण म्हणे, दादा, गोद में ले लो, बैठ जाओ. म्या म्हणलं, नाही भाऊ. ते बसतीन. मले उभं राहणं आवडते." तो हसला. समोरचे दोन दात नव्हते. म्हातारपणानं वाकलेला तो माणूस खाटेवर बसल्या बसल्या असा ताठ झाला की सत्यभामाला ती बस दिसली, माणसांच्या गर्दीत एक हात लांब करून उभा राहिलेला तिशीतला उंच खाणकामगार दिसला. आणि त्याच क्षणी तिला आणखी एक गोष्ट दिसली. तिचं मन धावत जाऊन ते वाक्य उचलत होतं, मले उभं राहणं आवडते, आणि शाळेच्या त्या दारावर नेऊन चिकटवू पाहत होतं. म्हणजे तेच कारण. म्हणजे लाज नव्हतीच. किती गोड उत्तर होतं, किती हाताशी. तिनं ते वाक्य तिथंच बसमध्ये राहू दिलं. दार रिकामं राहू दिलं.

"अन् तू होती ना," महागू म्हणाला.

"मी? कुठं?"

"कुठं म्हणजे? बसमधी. तुही माय बिमार होती, म्हणून तुले संग नेलतं. असशीन पाच-सहा वर्साची. मूर्तीच्या बाजूले मांडीएवढी जागा होती, तिथं तुले घुसवलं. घाटात तुले उलटी झाली. मंग तोंड पुसलं तं मले विचारते, बाबा, बुद्धाले तं नाही होनार ना उलटी? पूरी बस हासली. कंडक्टर भी. मंग तू दोन्ही हातांनं अशी धरली मूर्ती, उकवा येईपर्यंत सोडली नाही. उतरली तं रस्त्यात भेटन त्याले सांगे, म्या आणलं बुद्धाले, म्या आणलं." त्याच्या मिचमिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता. "तवा मले वाटलं, हे पोट्टी कोणाले भेनार नाही."

सत्यभामानं आत पाहिलं. तिला आता पाहता येत होतं, वर्षानुवर्षं तेच तर केलं होतं. बस नव्हती. घाट नव्हता. उलटीचा वास नव्हता, मूर्तीचा गार स्पर्श नव्हता, हसणारी माणसं नव्हती. काहीच नव्हतं. लहानपणातून तिनं जपून आणलं होतं ते एक दार, आणि हे सगळं, ही रस्त्याभर ओरडत जाणारी पोरगी, ती तिथंच टाकून आली होती. ती पोरगी मात्र बापानं सांभाळून ठेवली होती, इतकी वर्षं, न बोलता, आणि आज विचारलं नसतं तर तीही त्याच्याबरोबर गेली असती. तिला वाटत आलं होतं की ती ताठ झाली ती त्या दिवशी, त्या दाराकडे पाहून. ती तर आधीपासूनच ताठ होती. आग लागायच्या कितीतरी आधी ती बुद्धाला धरून बसली होती आणि तिला कुणाचा राग नव्हता. तिनं बापाचा हात हातात घेतला, तळव्यावरच्या काळ्या रेषांवरून अंगठा फिरवला. "बाबा, मले हे काहीच आठवत नाही," ती म्हणाली. "नसन," तो म्हणाला, "लहान होती तू," आणि हात सोडवून घेऊन शेंगा सोलू लागला, कारण संध्याकाळची भाजी व्हायची होती.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा ती मागच्या खोलीत गेली. ध्यानाची वेळ नव्हती. तरी आसनावर बसली, भिंतीला न टेकता, आणि रायपूरला फोन लावला. अंकितनं लगेच उचलला. "हाँ मम्मी? पापा का फोन बंद है क्या?"

"नाही, चालू आहे. मी तुलाच लावला."

"अच्छा." पलीकडे कुणीतरी बोलत होतं, मग दार लागल्याचा आवाज आला. "सब ठीक है ना? आजोबा ठीक हैं?"

"सगळे ठीक आहेत. अंकित, एक विचारायचं होतं." तिला आपला आवाज ऐकू येत होता, शाळेतला नव्हे, अंगणातला. "माझ्याबद्दल असं काही आहे का, जे तुला आठवते आणि मला माहीतच नाही? आज आजोबांशी बोलत होती. त्यांना जे आठवते ते मला आठवत नाही, मला आठवते ते त्यांना. म्हणून म्हटलं, तुला विचारावं."

पंख्याचा आवाज येत होता, तिकडचा का इकडचा कळत नव्हतं. "बहुत कुछ है, मम्मी," तो शेवटी म्हणाला. आवाजात सब ठीक है नव्हतं. तिथं काहीतरी उघडं होतं, आणि त्यातून वारा येत होता. "पर आपको गुस्सा आ जाएगा."

"येऊ शकते," ती म्हणाली. "आला तर मी पाहीन त्याचं. तू सांग."

तो सांगू लागला. सुरुवातीला हिंदीत, अडखळत, मग मध्येच मराठीत, लहानपणी बोलायचा तसं. तिला वाटलं होतं तो लग्नातली गोष्ट काढेल किंवा बाकाची. त्यानं दुसरंच काढलं. तिनं कधी ऐकलेलं नव्हतं, आणि त्यात ती होती, जशी ती स्वतःला कधी दिसली नव्हती. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला तिचे कान तापू लागले. असं झालंच नव्हतं, हे वाक्य घशापर्यंत आलं, पूर्ण तयार, धार लावलेलं. तिनं त्या वाक्याकडे पाहिलं. ते थांबलं, थोडं थरथरलं, पातळ झालं. बाहेर महागू भाजी निवडून झाल्याचं कुणाला तरी ओरडून सांगत होता. तिची पाठ ताठ होती आणि हात मांडीवर मोकळे होते. एका जागी अंकित थांबला.

"सुन रही हो ना, मम्मी?"

"हौ," ती म्हणाली. "ऐकून राह्यली. बोल."